भाऊ बसतील ती खोली

गावातला माणूस किती मोठा, हे मला त्याच्या बुडाखाली काय आहे त्यावरून कळतं. यात उर्मटपणा नाही, माझा धंदाच तो आहे. सिरसाळ्यात आणि आसपासच्या गावांत लग्न असो, तेरावा असो, नाहीतर सप्ताह असो, मंडप माझा आणि खुर्च्या माझ्या. पांढरी प्लास्टिकची खुर्ची आम जनतेला. पांढरं कव्हर घालून मागं लाल बो बांधलेली खुर्ची जावयांना, मुख्याध्यापकांना आणि बँकेच्या साहेबांना. आणि सोफा शहादेवभाऊंना.

शहादेवभाऊ पूर्वी जिल्हा परिषदेत होते. सध्या कशातच नाहीत, पण पुढच्या वेळी कुठंतरी असतीलच, असं धरून सगळा परिसर चालतो. लाल मखमलीचा तो सोफा मी खास त्यांच्यासाठी करून घेतला आहे. एकदा एका लग्नात नवरीचा बाप दमून त्यावर टेकला, तर त्याच्याच भावकीनं त्याला दंडाला धरून उठवलं. उठवलं ते बरोबरच केलं.

त्यामुळं केजचा सत्यम माझ्या गोडाऊनवर येऊन म्हणाला, "बद्रीकाका, नाटक करायचंय, पण खुर्ची एकही नकोय," तेव्हा माझं टाळकंच सरकलं. नाटकाला खुर्ची नको म्हणजे लग्नाला नवरा नको म्हणण्यातला प्रकार.

सत्यम पुण्यात नाटकाचं शिकून आलेला. दाढी, झब्बा आणि कुठलीही गोष्ट सांगताना दोन्ही हातांनी हवेत खोका काढायची सवय. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेनं त्याला ग्रामीण प्रेक्षक नाटकाला कसा प्रतिसाद देतो याचा अभ्यास करायला पाठवलं होतं. म्हणजे आमचा अभ्यास. आमच्याकडं लोक दुष्काळाचा अभ्यास करून गेले, ऊसतोडीचा करून गेले, मुलींच्या संख्येचा करून गेले. आता नाटक बघताना आम्ही तोंड कसं करतो, तेवढं एक राहिलं होतं.

"स्टेज नाही, पडदा नाही," सत्यमनं हवेत एक मोठा खोका काढला. "बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे ना तुमच्या गावात, तिच्या सात खोल्यांत एकाच वेळी सात नाटकं चालू राहतील. प्रेक्षकानं मोकळं फिरायचं. मनाला येईल त्या खोलीत शिरायचं, नटाच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. ह्याला इमर्सिव्ह थिएटर म्हणतात, काका. प्रेक्षक नाटकात बुडून जातो."

हा इंग्रजी शब्द पप्पू फ्लेक्सवाल्यानं फोनमध्ये घालून त्याचं मराठी करून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकात 'भव्य विसर्जन नाट्य' असा फ्लेक्स लागला. गणेश मंडळाची पोरं विचारत आली की मूर्ती किती फुटाची आणि डीजे कुणाचा. सत्यम पप्पूकडं भांडायला गेला. पप्पू म्हणाला, "सर, बुडवायचंच हाय ना? मंग बरोबर हाय की." फ्लेक्स तसाच राहिला.

हे सगळं मी ऐकून घेतलं, कारण माझी मुलगी तेजश्री त्या नाटकात होती. तेजू डी.एड. झालेली, शाळेत तासिकेवर शिकवते. सत्यमच्या शिबिराला गेली आणि तिथलीच झाली. तिला मिळाली सातवी खोली. सातवी म्हणजे अगदी मागची, सगळं आवार ओलांडून जावं लागतं अशी, जिथं पूर्वी बायका कापूस निवडायच्या. तिथलं भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं. रोज संध्याकाळी गोडाऊनमध्ये रचून ठेवलेल्या खुर्च्यांपुढं उभी राहून ती ते म्हणायची. मी तिथंच असायचो, पण माझं कुठलं लक्ष. कुणाचा फोन, कुणाचा टेम्पो, कुठल्या खुर्चीचा पाय मोडला, यातून मान वर होत नसे.

गावात तीन प्रयोग व्हायचे होते. तिसऱ्याला पुण्याहून संस्थेच्या मॅडम येणार होत्या, आणि सातपैकी चारच खोल्यांची नाटकं पुढं पुण्याला जाणार होती. सत्यमनं प्रत्येक खोलीत कॅमेरा लावला. ज्या खोलीत लोक येतात आणि थांबतात ती जाणार, ज्या खोलीत कुणी येत नाही ती गळणार, असा सरळ हिशेब. तेजूला जायचं होतं. ही पोरगी काही मागणारी नाही. दिवाळीला ड्रेससुद्धा आईनं आणला तो घालते. पण एकदा जेवताना म्हणाली, "पप्पा, मला एकदा कुणीतरी पुरं ऐकलं पायजे. सुरुवातीपसून शेवटपर्यंत." मी म्हणालो, "ऐकतेत की," आणि वरण वाढायला सांगितलं.

पहिल्या प्रयोगाला गाव लोटलं. विसर्जन म्हटल्यावर लोटणारच. भाऊ आले, पांढरे कडक कपडे, मागं नेहमीची माणसं. फाटकात उभे राहून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. सोफा नव्हता. मी मान खाली घातली. सत्यम पुढं होऊन म्हणाला, "मोकळेपणानं फिरा सर, निवड तुमची आहे." भाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी कुठं बसायचं ते सांगितलं नव्हतं. ते डावीकडची पहिली खोली दिसली तिच्यात शिरले. आणि त्यांच्या मागोमाग आख्खं गाव शिरलं.

ती वजनकाट्याची खोली होती. तिथं एक नट मापाडी झाला होता आणि शेतकऱ्याचा कापूस कमी भरवत होता, असा गंभीर विषय. भाऊंना बसायला काही मिळेना, तेव्हा ते सरळ काट्याच्या फळीवर बसले. दांडा वर गेला. भाऊ म्हणाले, "किती भरलो बघ बे." मापाडी झालेला नट म्हणाला, "भाऊ, तुमचं वजन ह्या काट्यावर मावतंय का?" खोली टाळ्यांनी दणाणली. शेतकरी झालेला नट कापसाचं गाठोडं धरून कोपऱ्यात उभा राहिला तो शेवटपर्यंत. त्याचा कापूस कमी भरला की जास्त, हे कुणालाच कळलं नाही.

संपल्यावर सत्यम लॅपटॉप उघडून बसला. एका खोलीत बसस्टँडची गर्दी आणि सहा खोल्यांत नट भिंतीशी बोलतायत. तेजूच्या खोलीत एक कुत्रं आलेलं दिसलं. तेही थांबलं नाही.

"लोकांना निवड करायची सवयच नाही," सत्यम डोकं धरून म्हणाला.

आता याला काय म्हणावं. अरे, आमच्याएवढी निवड कुणाला कळते? भाऊ काट्याच्या खोलीत असताना मी जर मागच्या खोलीत गेलो, तर बद्रीनाथ नाटक बघायला गेला असं एक तरी माणूस म्हणेल का? दुसऱ्या दिवशी टपरीवर विचारतील, काल तिकडं कावून गेलतास? कोण होतं तिकडं? तिकडं नुसती माझी मुलगी होती, हे कुणालाही पटायचं नाही. आमच्या गल्लीतला बन्सी मागच्या निवडणुकीत नाक्यावर भजी खात उभा होता, म्हणून त्याला भाऊंची गाडी आलेली दिसली नाही. तेवढ्यावर तो दुसऱ्या गटात गेला. त्याला स्वतःलाही ते पेपरात वाचून कळलं. अजून तो त्या गटात आहे आणि भजी सोडली आहेत.

हे सगळं मी सत्यमला समजावून सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या प्रयोगाला मुखवटे आणले.

पांढरे मुखवटे, सगळ्यांना सारखे. परदेशात असंच करतात म्हणे. तोंड झाकलं की माणूस भीड सोडतो आणि आपल्या मनानं फिरतो. मुखवटे घालून गाव जिनिंगच्या आवारात उभं राहिलं आणि पहिला प्रश्न पडला तो हाच, की यातले भाऊ कोण? कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आमच्याकडं निम्मी माणसं घालतात. भाऊंसारखं दिसावं म्हणूनच घालतात. एकानं भाऊंच्या फोनवर रिंग दिली, पण तेवढ्यात आणखी पन्नास जणांनी दिली, आणि फोन सगळ्यांनाच लागेना.

इतक्यात एक पांढऱ्या कपड्यातला धिप्पाड माणूस ठाम पावलं टाकत आवाराच्या मागच्या बाजूला निघाला. चाल अगदी भाऊंची. निम्मं गाव त्याच्या मागं गेलं. तो माणूस कंपाउंडभिंतीकडं तोंड करून उभा राहिला. गावही मागं गुपचूप उभं राहिलं. आता काहीतरी होणार असं सगळ्यांना वाटत होतं, आणि झालंही. ते निघाले दवाखान्यातले कंपाउंडर, लघवीला आलेले. सत्यमच्या अभ्यासात हा प्रसंग सर्वाधिक एकाग्रतेचा म्हणून गेला, असं माझ्या कानावर आलं आहे.

खरे भाऊ तिकडं पहिल्या खोलीच्या दारात अडकून पडले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, सरका की जरा." भाऊंनी मुखवटा काढून जमिनीवर टाकला आणि ते गाडीत जाऊन बसले. काका म्हणणारा कोण होता ते अजून बाहेर आलेलं नाही. मुखवट्याचा फायदा झाला तो त्या एकट्याला.

त्या दिवशी तेजू घरी आली, हातपाय धुतले आणि आईला भाकरी करू लागली. तिच्या खोलीकडं कुणी फिरकलंच नव्हतं. मी विचारलं, "कसं झालं?"

"कुत्रं पण आलं न्हाई आज," ती म्हणाली.

रडली असती तर परवडलं असतं. ती तव्यावरची भाकरी उलटत बोलली. दुसऱ्यांच्या कार्यक्रमाला मी अख्खी मैदानं भरवून दिली आहेत. रिकाम्या सभा मी खुर्च्या पसरून मांडून भरलेल्या दाखवल्या आहेत. आणि माझ्याच पोरीच्या खोलीत एक माणूस नाही, म्हणजे माझ्या धंद्याचा उपयोग काय?

तिसऱ्या प्रयोगाच्या सकाळी मी टेम्पोत सोफा घातला आणि सातव्या खोलीत नेऊन ठेवला. मधोमध. शेजारी टीपॉय, टीपॉयवर पाण्याची बाटली, मागं उभा पंखा. दारापर्यंत लाल पट्टी अंथरली. आता भाऊ कुठल्या खोलीत जाणार, याचा घोर कुणालाच राहिला नाही.

तेजू आली आणि दारातच थांबली.

"पप्पा, सोफा नका ठेवू."

"कावून? माणसं येतेल की."

"माणसं सोफ्यासाठी येतेल."

"कशासाठी का येईनात. आल्यावर ऐकतेल. कान काय घरी ठेवून येणार हायेत का?"

ती काहीतरी बोलणार होती, पण मला पंख्याची वायर ओढायची होती.

सत्यमनं सोफा पाहिला तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग त्यानं लॅपटॉप उघडून मागच्या दोन प्रयोगांची ती रिकामी खोली पाहिली, आणि मग परत सोफ्याकडं पाहिलं. "काका, आमच्यात याला इंटरव्हेन्शन म्हणतात," तो म्हणाला.

"आमच्यात सोफा म्हणतेत," मी म्हणालो.

पुण्याच्या मॅडम आल्या. हातमागाची साडी, मोठं कुंकू, अतिशय सभ्य बाई. मी त्यांना कव्हरवाली खुर्ची देऊ केली, तर नको म्हणाल्या आणि सातव्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं भाऊ आले. दुसऱ्या प्रयोगाचा राग होता, पण लाल पट्टी दिसल्यावर तो उतरला. ते सरळ चालत येऊन सोफ्यावर बसले आणि त्यांच्यामागं गाव. खोली भरली, दार भरलं, खिडक्यांत माणसं चढली. बाकीच्या सहा खोल्यांतल्या नटांनीसुद्धा थोडा वेळ वाट बघितली आणि तेही इकडंच आले.

मी सोफ्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो. यजमानाची जागा तीच. वारा भाऊंपर्यंत पोचतोय का, चहा आला का, शाल कुठं ठेवली, हे मला बघावंच लागतं.

तेजूनं सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, भाऊंनी माझ्याकडं वळून विचारलं, "कुणाची पोरगी?"

"माझीच हाय, भाऊ."

"आरं वा, बद्री."

टाळ्या पडल्या. तेजू थांबली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुढं तिच्या बोलण्यात जिनिंगच्या मालकाचा काही उल्लेख आला. भाऊंनी हात वर केला. "कोणता मालक? नाव सांग बाई, आत्ता फोन लावतो." आणि लावलाच. "साहेब, एक निवडणीच्या बाईचं काम हाय. हा. जिनिंगमधली. न्हाई, जिनिंग बंद हाय. तरी पण बघून घ्या." फोन ठेवून ते म्हणाले, "झालं तुझं काम." एवढ्या टाळ्या पडल्या की पत्र्यावरची पाखरं उडाली. म्हातारी माणसं एकमेकांना सांगू लागली, बघा, आपला माणूस नाटकातल्या बाईचं पण काम करतो.

चहा आला. तो मी भाऊंपासून सुरू केला. कापसाच्या जुन्या रुईची धूळ खोलीत होतीच, पंख्यानं ती उडाली आणि भाऊंच्या डोळ्यांत गेली. त्यांनी रुमालानं डोळे टिपले. ते पाहून पुढच्या ओळीनं डोळे टिपले, मग मागच्या ओळीनं. खिडकीतल्यांना हात सुटे करता येईनात म्हणून ते नुसते हुंदके देऊ लागले.

आणि मग शांतता पसरली. एवढ्या माणसांत एवढी शांतता मी फक्त मतमोजणीला अनुभवली आहे. भाऊ फोनवर आलेलं काहीतरी वाचत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, आणि बातमी बरी की वाईट, हे आम्ही सगळे त्या आठीवरून ताडत होतो. बराच वेळ गेला. भाऊंनी फोन खिशात घातला, उठले आणि म्हणाले, "लई छान झालं." मी चटकन शाल घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर घातली, कारण सवय. गाव टाळ्या वाजवत त्यांच्यामागं बाहेर पडलं.

खोलीत आम्ही चौघं उरलो. मॅडमचे डोळे ओले होते, आणि ते धुळीनं नव्हते. "सत्यम," त्या म्हणाल्या, "ती शांतता. सत्ता समोर बसलेली आहे, चहा पितेय, आणि बाई बोलायची थांबते. किती वेळ ती नुसती उभी होती. अंगावर काटा आला माझ्या."

सत्यमचे हात हवेत गेले, पण त्याला खोकासुद्धा काढता येईना. सातवी खोली पुण्याला जाणार, सगळ्यात आधी जाणार. सोफा हवा, हाच हवा. सोफ्यावर एक नट भाऊ म्हणून बसवायचा, लोकांनी त्याच्याकडं बघायचं, आणि तेजश्रीनं समोर उभं राहायचं. "आणि आपण शब्द काढून टाकू," तो म्हणाला. "शब्दांची गरजच नाही. तू फक्त उभी राहा. पूर्ण वेळ."

माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. सोफा ठेवायचं डोकं माझं होतं.

तेजू म्हणाली, "सर, ते बसवलेलं नव्हतं."

"कुठलं?"

"थांबायचं. मी अर्ध्यात थांबले. कुणीतरी इकडं बघंल म्हणून थांबले. कोण बघतंय का, ते बघत उभी राहिले."

"तेच तर," सत्यम म्हणाला. "तेच तर इतकं खरं वाटलं."

"मंग सांगा, कोणत्या वाक्यावर थांबले मी?"

सत्यमनं लॅपटॉप पुढं ओढला. कॅमेऱ्यात सगळे दिसत होते, आवाज मात्र नव्हता. त्याच्या अभ्यासाला माणसं दिसली की पुरत होती. मॅडमनी सत्यमकडं पाहिलं आणि मग आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. मी सोफ्यावरची धूळ झटकली.

"पप्पा?"

तिच्या आणि माझ्यामध्ये तो रिकामा सोफाच काय तो होता. मला एकही वाक्य आठवेना. भाऊंच्या कपाळाची आठी आठवत होती. त्यांनी चहा अर्धा ठेवला होता तेही आठवत होतं. मी म्हणालो, "लई भारी झालं, तेजू."

तिनं मान हलवली, जशी आपण दारावर आलेल्या विक्रेत्याला हलवतो. मग सत्यमला म्हणाली, "मी न्हाई येत, सर. नुसतं उभं राहायला कुणी पण चालंल."

आणि चाललंच. पुण्याची एक मुलगी मिळाली, ती उत्तम गप्प बसते म्हणे. सोफा नेला. मी नको म्हणणार होतो, पण त्याआधीच भाऊंनी चौकात जाहीर करून टाकलं की आपला सोफा पुण्याला चाललाय, ही आख्ख्या तालुक्याला भूषणाची गोष्ट हाय. टेम्पोला हार घातला. पप्पूनं फ्लेक्स केला. त्यात भाऊंचा फोटो मोठा, सोफ्याचा मधला आणि खाली उजवीकडं माझा. लोक मला रस्त्यात थांबवून अभिनंदन करू लागले, आणि मला घरी जायची लाज वाटू लागली. खरंच वाटू लागली. भाऊंच्या सोफ्याला जागा शोधून देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि माझ्या पोरीनं माझ्याकडं एक कान मागितला होता, तो मला देता आला नव्हता.

दोन लग्नांच्या मधल्या एका दुपारी तेजू गोडाऊनमध्ये मला खुर्च्या पुसू लागत होती. मी तिच्या पाठीकडं बघत बराच वेळ उभा होतो.

"तेजू, ते म्हण की एकदा."

"काय?"

"तुझं भाषण. मला ऐकायचंय."

"आता कशाला, पप्पा?" तिनं फडकं पिळलं. "नाटक संपलं की."

"म्हण बाई. पुरं म्हण."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, खरं बोलतोय का ते. मी एक खुर्ची ओढून घेतली.

"खुर्ची न्हाई," ती म्हणाली. "ते उभं राहून ऐकायचं असतंय."

मी उभा राहिलो. स्वतःच्या गोडाऊनमध्ये, चहूबाजूंनी हजारभर खुर्च्या, आणि मी मधे उभा. हात कुठं ठेवावेत ते कळेना. तेजूनं फडकं ठेवलं, ओढणी खोचली आणि रचलेल्या खुर्च्यांकडं पाठ करून माझ्याकडं तोंड केलं.

"मी इथं कापूस निवडते," ती म्हणाली. "डागी एकीकडं, चांगला एकीकडं. मालक म्हणतो, मान वर करू नको. म्हणून मला मालकाचे बूटच वळखू येतेत, तोंड न्हाई. सांजच्याला घरी जाते. पोरगं दारात उभं असतंय. ते मला वळखत न्हाई. डोक्यापसून पायापर्यंत रुई बसलेली, भुतावानी पांढरी. पोरगं विचारतंय, माझी आई कुठंय? मंग मी उंबऱ्याबाहेर उभी राहते, पदर झटकते, केस झटकते, भिवया पुसते. जरा जरा करून त्याची आई दिसायला लागती."

ते पोरगं मी आहे. माझ्या आईनं, बायनाबाईनं, त्याच मागच्या खोलीत कापूस निवडला. हे मी तेजूला ती लहान असताना कधीतरी सांगितलं असेल, आणि सांगून विसरून गेलो असेन. त्याच खोलीत मी सोफा नेऊन ठेवला होता, आणि माझी आई समोर उभी राहून बोलत असताना मी चहा वाटत होतो.

आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भाऊंना मी वेगळी रिंग लावलेली आहे, त्यामुळं बघायची गरज पडत नाही. इतक्या वर्षांत मी ती रिंग दुसऱ्यांदा वाजू दिलेली नाही. जेवताना उचलली आहे, अंघोळीतून येऊन उचलली आहे, बापाला अग्नी देऊन वळलो तेव्हा उचलली आहे. हात आपोआप खिशाकडं गेला. तेजूला तो जाताना दिसला.

रिंग दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. मी हात खिशावर घट्ट दाबून धरला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तेजूनं आवाज थोडा चढवला आणि ती पुढचं वाक्य बोलली.